जुन्या एमजीबीचे दणके कसे कमी करावेत?

रानवाट | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही गाऱ्हाण्याचा.

मी नॉटिंगहॅमला राहतो. मागच्या वर्षी एक जुनी हौस भागवली, १९७२ ची एमजीबी रोडस्टर घेतली. दोन माणसांची, वरून उघडी, क्रोमचे बंपर. पेट्रोल भरायला थांबलं की कोणीतरी आजोबा येऊन "माझ्याकडे होती अशी" म्हणत दहा मिनिटं घेतात, तेव्हा छाती फुगते. गाडी चालू केली की हवा जाते. इथल्या गल्ल्यांत गतिरोधकांचा सुकाळ आहे आणि खड्ड्यांच्या बाबतीत इंग्लंड आता आपल्या पंक्तीला बसायला हरकत नाही. प्रत्येक दणका थेट कमरेत. पुढून ठक्, मागून धाड्.

साताऱ्याहून आईबाबा आले आहेत. आईला फक्त सुपरमार्केटपर्यंत नेलं. परत येताना ती पिशव्या घेऊन बसने आली. "मी नाय बसायची त्या डब्यात पुन्यांदा."

आधीच्या मालकाने गाडी 'सुधारली' होती. कागदांत पावत्या आहेत: १५ इंची अलॉय चाकं, १८५/५५ टायर, गाडी दीड इंच खाली, सांध्यांत रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) बुश, मागे जुन्या लिव्हर शॉकअपच्या (हात वरखाली होणाऱ्या) जागी टेलिस्कोपिक, म्हणजे नळीवाले. सगळं महागाचं. इथल्या एका गॅरेजवाल्याने यावर उपाय म्हणून आणखी महागडे शॉकअप सुचवलेत. घ्यावेत का? मला पाना धरता येतो, पण त्यापलीकडे फार काही येत नाही.

टिनपाट | शनिवार, रात्री १०.०५

मऊ गादी हवी होती तर सेडान घ्यायची. स्पोर्ट्स कार दणके देते म्हणूनच ती स्पोर्ट्स कार.

दहा_बारा | शनिवार, रात्री १०.३१

टिनपाटराव, ही समजूत बरीच पसरली आहे, पण एमजीबीला तरी ती लावू नका. १९६२ मध्ये ती आली तेव्हा 'आधीच्या एमजीएपेक्षा सुखाची' हेच तिचं भांडवल होतं. एमजीए रोडस्टरला वरखाली होणाऱ्या काचा नव्हत्या, बाजूला पडदे खोचायचे. एमजीबीला फिरवायच्या काचा आल्या, पाय पसरायला जागा आली, सामानाला डिकी आली. कारखान्यातून निघालेली एमजीबी इतकी कडक नसायचीच. रानवाटांची गाडी त्रास देते आहे ती जुनी आहे म्हणून नव्हे, तिच्यावर उपचार झालेत म्हणून.

रानवाट, शॉकअप घेऊ नका. आत्ता काहीच घेऊ नका. आधी टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात ते वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आणि हवा किती भरताय?

रानवाट | रविवार, सकाळी ८.१५

आकडे १४०८. हवा ३२, चारही चाकांत. माझ्या रोजच्या गाडीत तेवढीच असते म्हणून.

दहा_बारा | रविवार, सकाळी ८.५०

म्हणजे २००८ चा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक असेल, पण रबर लाकूड झालं असणार. अशा टायरवर ओल्या रस्त्यात ब्रेक मारायची वेळ आली तर कमरेपेक्षा मोठं दुखणं होईल. ते बदलायचेच, आरामाचा प्रश्न नंतर.

हवेचं म्हणाल तर तुमची रोजची गाडी दीड टनाची असेल, ही टनाच्या आतबाहेर. मूळ पुस्तिकेत पुढे २१, मागे २४ लिहिलंय, तेही तेव्हाच्या उंच टायरसाठी. नव्या टायरला २४ ते २६ च्या आसपास सुरुवात करा आणि एकेक पाउंडने बघा.

आता हिशोब. टायरवरचा पहिला आकडा रुंदी, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची. मूळचा टायर १६५/८० आर १४ धरला तर रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची १३२ मिलिमीटर. तुमच्या १८५/५५ ची १०२. म्हणजे प्रत्येक चाकाखालची तीन सेंटिमीटर हवेची गादी आधीच्या मालकाने काढून घेतली. शिवाय चाकाचा एकूण व्यासही सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी झाला. तुमचा स्पीडोमीटर जास्त वेग दाखवत असणार, बघा.

रानवाट | रविवार, सकाळी ९.०२

दाखवतो! मी समजत होतो माझी केबल गेली.

हापूस_हेराल्ड | रविवार, सकाळी ११.२०

पुण्याहून नमस्कार. माझ्याकडे एमजी नाही, वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासला बनलेली. विलायतेतल्या ट्रायम्फ हेराल्डची बहीण. तिला मागे एकच आडवी कमान (लोखंडी पाट्यांची स्प्रिंग) आणि दोन्हीकडे झुलणारे ॲक्सल. पंचवीस फुटांत वळते, रिक्षावाले बघत राहतात.

सांगायचं हे की आमच्या मेस्त्रींनी चार वर्षांपूर्वी कमान सोडवली, पाटे वेगळे केले, गंज घासला, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधली. एक रुपयाचा नवा भाग नाही. गाडी दुसरीच वाटायला लागली. तुमच्या एमजीबीला मागे पाटेच आहेत ना?

रानवाट | रविवार, दुपारी १.१०

हो, मागे पाटे आणि अखंड ॲक्सल. पुढे कॉइल स्प्रिंग. पाटे गंजलेले दिसतायत.

मंद्र | रविवार, दुपारी ३.४५

हापूस यांनी म्हटलेल्यामागचं कारण सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं कळतं.

पाटे एकमेकांवर घासत सरकतात तेव्हाच कमान वाकते. गंज चढला की पाटे एकमेकांना धरून ठेवतात. मोठ्या खड्ड्यात तेवढा जोर मिळतो म्हणून कमान सुटते आणि हलते. बारीक खडबडीवर जोर पुरत नाही, पाटे सुटतच नाहीत. तेवढ्या वेळापुरती गाडीला मागे स्प्रिंग नाही असं समजा, आहे ते फक्त टायर. आणि टायर तुमचा २००८ चा, ३२ पाउंडांचा, १०२ मिलिमीटरचा. म्हणून डांबर नवं असलं तरी सीटमध्ये गुरगुर येत असेल.

दुसरी गोष्ट, स्प्रिंग किती मऊ हे तिच्यावर गाडी बसल्यावर ती किती दबते यावरून ठरतं. साधा ठोकताळा आहे: पाच भागिले, दबण्याच्या सेंटिमीटरांचं वर्गमूळ. सोळा सेंटिमीटर दबली तर सेकंदाला सव्वा झोके. माणसाला हे बरं वाटतं, सावकाश चालताना आपलं शरीर साधारण अशाच लयीत वरखाली होतं. सव्वासहा सेंटिमीटर दबली तर दोन झोके, आणि तिथून पुढे मणके तक्रार करतात. खाली बसवायच्या स्प्रिंगा आखूड असतात, म्हणून त्यांना कडकही करावं लागतं, नाहीतर गाडी तळाला टेकेल. उंची आणि मऊपणा एकत्रच जातात.

तिसरी, लांबी. एमजीबीच्या पुढच्या-मागच्या चाकांत ९१ इंच, २.३१ मीटर. ताशी ५० किलोमीटरला पुढच्या चाकाने उचललेला दणका मागच्या चाकाला सेकंदाच्या सहाव्या भागात मिळतो. मॉरिस ऑली नावाचे अभियंते रोल्स रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गाडीवर वजनं पुढेमागे सरकवून माणसं बसवून प्रयोग केले. निष्कर्ष असा निघाला की मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा थोडी जलद झुलणारी हवी. मग उशिरा निघालेलं मागचं टोक पुढच्याला गाठतं आणि गाडी घोड्यासारखी मान न हलवता सपाट वरखाली होते. आधीच्या मालकाने पुढे आखूड स्प्रिंग घातल्या आणि मागे पाटे तेच ठेवून नुसते ठोकळे घातले असतील तर हे गणित उलटं झालं असणार. गाडी होडीसारखी पुढेमागे डुलते का?

रानवाट | रविवार, सायंकाळी ५.३०

डुलते. आई "मान हालवनारी गाडी" म्हणाली होती, मला वाटलं चेष्टा करतेय.

मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचे ठोकळे आहेत, आत्ता बघून आलो.

आणि एक. बाबा एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. आज त्यांना घेऊन एक चक्कर मारली. गप्प बसले होते. घरी आल्यावर उतरले, मागच्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून दोनदा दाबलं आणि म्हणाले, "आरं, ही गाडी पाट्यावं बसलीच न्हाई. रबरावं बसलीया." म्हणजे काय ते विचारलं तर "उद्या दावतो" म्हणून चहा प्यायला गेले.

दहा_बारा | रविवार, सायंकाळी ५.४८

बाबांना माझा दंडवत. गॅरेजवाल्याला जे दिसलं नाही ते त्यांना बसल्या जागी कळलं.

ॲक्सलच्या वर बॉडीला एक रबरी गट्टू असतो, बंप रबर. चाक फारच वर आलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. तो शेवटचा उपाय, रोजची गादी नव्हे. गाडी दीड इंच खाली आणली की तेवढी जागा कमी होते, आणि दोन माणसं बसली की साध्या गतिरोधकावरही ॲक्सल त्या रबराला जाऊन भिडतं. तुमचं 'धाड्' हेच.

स्टेपनी | रविवार, रात्री ८.००

खात्री करायची असेल तर मुलांची खेळायची माती घ्या. ॲक्सलवर रबराच्या बरोबर खाली बोटभर उंच गोळा चिकटवा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या. किती चपटा झाला ते मोजा.

नीलाक्षी | रविवार, रात्री ८.४०

मी फक्त वाचतेय. गाड्यांचं काही कळत नाही, पण बाबांसाठी धागा सोडवत नाहीये.

रानवाट | सोमवार, रात्री ९.१५

घरात लहान मूल नाही, त्यामुळे माती नाही. फ्रिजमध्ये कणीक होती. आईने "अन्नाचा खेळ" म्हणून भरपूर ऐकवलं. बाबांनीच गोळा लावला. ताशी दहा मैलांनी एकच गतिरोधक ओलांडला. गोळ्याची पुरी झाली होती. दोन्ही बाजूंना.

बाबा इतके खूश की तसाच फोटो काढून साताऱ्याला त्यांच्या डेपोच्या ग्रुपवर पाठवला.

दहा_बारा | सोमवार, रात्री ९.५०

मग क्रम ठरला. ठोकळे बाहेर. पुढे मूळ उंचीच्या स्प्रिंगा, क्रोम बंपरवाल्या गाडीच्याच घ्या. १९७४ च्या शेवटी काळे रबरी बंपर आले तेव्हा अमेरिकेतल्या नियमांसाठी गाडी दीडएक इंच उंच केली होती, त्या स्प्रिंगा चुकून घेऊ नका, नाहीतर गाडी नाक वर करून बसेल. पुढच्या कॉइल काढताना मात्र जपून. खालचा जॅक एकदम सोडला तर स्प्रिंग तोफगोळ्यासारखी सुटते. हे काम माहीतगार माणसाबरोबरच करा.

ठोकळे काढले की लांब यू-बोल्टही बदला. मूळ मापाचे, नवे.

टिनपाट | सोमवार, रात्री १०.२०

आणि पॉली बुश? ते तर आयुष्यभर टिकतात. उगाच काढायला सांगू नका.

दहा_बारा | सोमवार, रात्री १०.४१

टिकतात, कबूल. शर्यतीच्या गाडीला मीही तेच लावीन. पण रबर दोन कामं करतं, जागेवर धरतं आणि बारीक थरथर गिळतं. पॉली पहिलं उत्तम करतं, दुसऱ्यात कच्चं. एमजीबीला मधला मार्ग घरातच आहे. एमजीबी जीटी व्ही८ ला (आठ सिलिंडरवाल्या एमजीबीला) कारखान्याने पुढच्या विशबोनला, म्हणजे चाक धरणाऱ्या दुबेळक्या हाताला, वेगळे बुश दिले होते, रबर पण आतबाहेर लोखंडी नळी असलेले. ते साध्या एमजीबीला बसतात. मूळ रबरापेक्षा कितीतरी टिकतात आणि पॉलीइतके कडक नाहीत.

आणि हे कृपया मोठ्या अक्षरांत समजा: अशा बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा. जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, कडकही लागतं आणि वर्षभरात फाटतं. मागच्या पाट्यांच्या पुढच्या डोळ्यातल्या बुशलाही हेच. मी स्वतः एकदा हा गाढवपणा केला आहे, म्हणून इतका आवाज.

हापूस_हेराल्ड | मंगळवार, सकाळी ७.३०

ठोकळे काढताना पाटे तसेही सुटणार, तेव्हाच घासून घ्या. आमच्याकडे ट्रकवाले पाट्यांवर जळक्या ऑइलचा फवारा मारतात, तोही चालतो.

मंद्र | मंगळवार, सकाळी ९.१०

फवारा नको. ऑइल उडून रबरी बुशवर बसतं आणि रबर फुगतं. शिवाय धूळ धरतं, तिचा पॉलिश पेपर होतो. सोडवून, घासून, ग्रॅफाइट हेच खरं.

हापूस_हेराल्ड | मंगळवार, सकाळी ९.४०

ट्रकवाल्यांना सांगून बघा :)

चक्रधर | मंगळवार, रात्री ११.५५

उशिरा आलो. मी डेट्रॉइटजवळ असतो, माझी एमजीबी १९६७ ची, चारही शॉकअप मूळचे लिव्हरवाले. तुमच्या पुढे लिव्हरवालेच असणार, कारण एमजीबीत पुढचा शॉकअप हाच वरचा विशबोन असतो, तो काढून टाकता येत नाही. लोक त्याला म्हातारा समजतात. तो म्हातारा नाही, तहानलेला असतो. वरचं बूच उघडायच्या आधी भोवतालची माती ब्रशने अगदी स्वच्छ करा, एक कण आत गेला तर झडप अडकते. मग तेल बघा. मी वीस नंबरचं मोटारसायकलच्या फोर्कचं तेल घालतो. हात वरखाली करताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच ढिला गेला तर आत हवा आहे, हलवत राहा, भरत राहा. अंगातून तेल गळत असेल तर मात्र दुरुस्तीला द्या.

तुमच्या मागच्या टेलिस्कोपिकवर कडक-मऊ करायला फिरवायचा खटका आहे का? कुठे लावलाय?

तसंच किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला) ग्रीस कधी मारलं? दर तीन हजार मैलांनी मारायचं असतं, चाक उचलून. खालचा बोल्ट सुकून धरला असेल तर पुढचं चाक मोकळं हलतच नाही, मग स्प्रिंग कितीही मऊ घाला.

रानवाट | बुधवार, रात्री ८.२०

खटका आहे. सर्वांत कडक टोकावर होता. पाच मिनिटांचं काम, मऊ बाजूने दुसऱ्या घरात आणला. एवढ्यानेच मागचा अर्धा राग गेला. वर्षभर मी हे सहन करत होतो!

ग्रीसबद्दल पावती एकही नाही. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे वार्षिक तपासणी माफ आहे, त्यामुळे कोणी खालून बघितलंच नाही. मीही माफी म्हणजे सुटका समजलो.

स्टेपनी | बुधवार, रात्री ८.४५

सीटकडे कोणी बघितलं का? पन्नास वर्षांचा फोम भाकरीसारखा कडक होतो किंवा भुगा होतो. गादी उचला, खाली हुकांनी ताणलेला रबरी पडदा असेल. तो फाटला असेल तर तुम्ही सांगाड्याच्या नळीवर बसलेले आहात.

रानवाट | बुधवार, रात्री ९.३०

चालकाच्या बाजूचा ठीक. शेजारच्या सीटचा पडदा मधोमध फाटलेला, त्यावर आधीच्या मालकाने घडी घातलेलं पोतं ठेवलं होतं. आई पोत्यावर बसून सुपरमार्केटला गेली होती. हे तिला सांगायचं की नाही, विचार करतोय.

नीलाक्षी | बुधवार, रात्री ९.३३

नका सांगू.

रानवाट | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.५०

धागा वर काढतोय. झालेलं काम सांगतो.

जुनी १४ इंची रोस्टाइल चाकं वापरलेली मिळाली, त्यावर नवे १६५/८०. हवा पुढे २४, मागे २६. ठोकळे काढले, पाटे बाबांनी अंगणात मांडून घासले. शेजारच्या इंग्रज आजोबांनी दोन दिवस खुर्ची टाकून ते बघितलं, तिसऱ्या दिवशी स्वतःचा तारेचा ब्रश घेऊन आले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी बोलत होते. पुढच्या स्प्रिंगा आणि व्ही८ चे बुश एका जुन्या गाड्यांच्या मेकॅनिकने बसवले. मी समोर उभा राहून बोल्ट चाकांवर आवळून घेतले, तो हसला, पण म्हणाला बरोबर आहे. डाव्या किंगपिनचा खालचा बोल्ट खरंच धरला होता, तो बदलला. सीटचा पडदा आणि फोम दोन्ही बाजूंना नवे.

शॉकअप एकही नवा घेतला नाही.

कणकेची परीक्षा परत घेतली. त्याच गतिरोधकावर गोळा जसाच्या तसा. खड्डा अजून कळतो, पण आता तो खड्डा वाटतो, अपघात नाही. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा थोडी कलते, हे खरं सांगायला हवं. टिनपाटरावांना आवडणार नाही.

काल आई आली. रिपलीवरून ॲम्बरगेट, तिथून ए६ ने मॅटलॉक बाथ, पंचवीसेक मैल. जाताना ती शेजारी, मी चालवत. डोक्याला स्कार्फ, मांडीवर डबा. पूर्ण वाट मानेबद्दल एक शब्द नाही, फक्त वारा फार आहे म्हणाली. बाबा माझ्या मित्राच्या गाडीतून मागून आले. येताना अदलाबदल केली. बाबा दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नाहीत, पाय आपोआप ब्रेक दाबत असतो. ॲम्बरगेटच्या आधीच घोरत होते.

एक शंका राहिली. मागून डावीकडून हळू जाताना कुर्र-कुर्र असा आवाज येतोय. बाबा म्हणतात येऊ दे, एसटी वाटतीया.

दहा_बारा | रविवार, रात्री ९.०४

शॅकलचे रबर, पाट्याचं मागचं टोक टांगणाऱ्या दुव्यातले. कोरडे बसवलेत. सोडवून सिलिकॉनचं ग्रीस लावा, साधं नको. आणि आवळताना?

रानवाट | रविवार, रात्री ९.०६

चाकांवर, काका. चाकांवर.